खुणा नसलेल्या भांड्यांनी दूध कसं मोजावं

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध घेताना माप समोरच असतं. समजा, ते नाही. आठ लिटरचा भरलेला कॅन आणि पाच व तीन लिटरच्या दोन रिकाम्या किटल्या आहेत. कशावरही खूण नाही. दोन घरांना चार-चार लिटर द्यायचंय, थेंबही न सांडता. हे कोडं युरोपात १६१२ साली छापलं गेलंय, फक्त तिथे दुधाऐवजी वाइन होती.

आधी अंदाज बंद करा. बिनखुणेच्या भांड्याच्या दोनच अवस्था खात्रीच्या: काठोकाठ भरलेलं किंवा पूर्ण रिकामं. म्हणून ओतायला लागलात की एक भांडं संपेपर्यंत किंवा दुसरं भरेपर्यंत थांबू नका. प्रत्येक वेळी कॅन, मोठी, लहान असे तीन आकडे कागदावर लिहा. सुरुवात ८-०-०.

१. कॅनमधून मोठी भरा: ३-५-०
२. मोठीतून लहान भरा: ३-२-३
३. लहानीतलं कॅनमध्ये ओता: ६-२-०
४. मोठीतले दोन लिटर लहानीत: ६-०-२
५. कॅनमधून मोठी पुन्हा भरा: १-५-२
६. मोठीतून लहान भरा: १-४-३
७. लहानीतलं कॅनमध्ये ओता: ४-४-०

खरी मेख सहाव्या पायरीत आहे. लहानीत एकाच लिटरची जागा उरलेली असते, म्हणून मोठीतून नेमकं एक लिटर जातं आणि चार उरतात. लहानीतली ती मोकळी जागाच तुमचं माप झाली.

पायऱ्या पाठ करू नका, दिशा धरा: कॅनमधून मोठीत, मोठीतून लहानीत, लहानीतून कॅनमध्ये. मोठी रिकामी झाली की भरायची, लहान भरली की रिकामी करायची. मध्येच उलटं ओतलं की जुनेच आकडे परत येतात, लोक अडकतात ते इथेच. उलट दिशेनेही, म्हणजे आधी लहान भरून, उत्तर येतं. एक पायरी जास्त लागते इतकंच.

सुरू करण्याआधी किटल्यांच्या मापांचा मसावि काढा, म्हणजे दोन्हींना भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या, शाळेत शिकलो तीच. पाच आणि तीनचा मसावि १, म्हणून प्रत्येक पूर्ण लिटर शक्य असतं, मात्र कॅनमध्ये पुरेसं दूध हवं. किटल्या सहा आणि चारच्या असत्या तर मसावि २, मग आठ लिटरमधून तीन लिटर कितीही ओतलं तरी निघणार नाहीत.

अर्धं माप हवं असेल तर उभ्या कडेचा गोल डबा काठोकाठ भरा आणि हळूहळू तिरका करत दूध दुसऱ्या भांड्यात काढा. एका बाजूला दूध काठाला टेकलेलं असताना दुसऱ्या बाजूला तळाची कड नुकती दिसली की थांबा, बरोबर निम्मं उरतं. पोट सुटलेल्या कळशीत हे जमत नाही.