स्नायूत इंजेक्शन घेताना काय सांगायचं, काय बघायचं

सुई टोचण्याआधी दोन गोष्टी नर्सच्या कानावर घालाच. पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या किंवा धाप लागली होती का, ही एक. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, ही दुसरी. गोळी चालू असेल तर स्नायूत रक्त साकळून गाठ होऊ शकते. अशा वेळी बारीक सुई वापरतात आणि नंतर निदान दोन मिनिटं जागा न चोळता दाबून धरतात. सुई-सिरिंज तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघू द्या. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरतात. इथे भीड नको.

आपण ‘कमरेत इंजेक्शन’ म्हणतो, पण ते असतं कुल्ल्यावर. खरी गोम तिथेच आहे, कारण पायाकडे उतरणारी सायटिक नस तिथून जाते. म्हणून कुल्ल्याचे मनात चार भाग पाडून वरचा, बाहेरच्या बाजूचा भाग निवडतात. लाजेपोटी कपडा दोनच बोटं खाली सरकवला, तर टोचणाऱ्याला अंदाजाने टोचावं लागतं. दंडावरही तेच: बाही पूर्ण वर करा. सुई खांद्याच्या हाडाच्या दोन-तीन बोटं खाली हवी. फार वर बसली तर खांदा कित्येक महिने दुखत राहू शकतो.

सुई आत असताना वीज चमकल्यासारखी कळ पायात उतरली, तर लगेच ‘थांबा’ म्हणा. नंतर पाय बधिर वाटला किंवा पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

इंजेक्शननंतर 15 ते 30 मिनिटं तिथेच बसा. नुसती भोवळ आली तर आडवं होऊन पाय उंच ठेवले की बहुधा काही मिनिटांत बरं वाटतं. पण ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, श्वास अडकला तर ती गंभीर अ‍ॅलर्जी. अ‍ॅड्रेनालिन हे औषध ताबडतोब लागतं. गंमत म्हणजे तेही मांडीच्या स्नायूतच टोचतात!

घरी एक-दोन दिवस ठणका आणि थोडी सूज चालते. थंड पट्टी ठेवा. दुखणं उतरतंय की चढतंय, एवढं रोज बघा. तिसऱ्या दिवशी जागा जास्तच लाल, गरम झाली, ताप आला, तर आत पू धरला असेल. स्वतः दाबू-फोडू नका. टोचल्याबरोबर असह्य आग होऊन कातडी पांढरी, मग निळी-जांभळी पडू लागली, तर उद्यावर ढकलू नका. असं क्वचित होतं, पण तिथली कातडी आणि स्नायू मरू शकतात. दवाखान्यात जाताना औषधाची चिठ्ठी बरोबर घ्या.