लिनक्स टाकायचंय? आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा
मी बॅकएंड डेव्हलपर, कामाचे सगळे सर्व्हर लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम), त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवरही तेच बरं वाटतं, पण विंडोज वाईट असं माझं अजिबात मत नाही, अकाउंटिंगचं किंवा अडोबीचं काम असेल तर तिथेच राहा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नसेल तर फेकू नका हो, चांगलं चालतं ते! उबंटू किंवा मिंटची (हे लिनक्सचेच प्रकार) आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टीम असलेली एकच फाइल, उतरवा, रूफस या मोफत प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका (त्यातलं सगळं पुसलं जातं), लॅपटॉप चालू करताना उघडता येणाऱ्या बूट मेनूतून तो निवडा आणि इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, आणि मुख्य म्हणजे झाकण बंद करून उघडल्यावर स्क्रीन परत येतेय का ते बघाच, जुन्या लॅपटॉपवर घोळ बहुतेक इथेच होतो.

सगळं जमलं की बॅकअप घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, मगच इन्स्टॉल करा.