पीएचपीतून व्हीआयईएसला जोडण्याआधी

युरोपातल्या कंपन्यांना बिलं काढणारं सॉफ्टवेअर लिहिताय, तर ग्राहकाने दिलेला व्हॅट नंबर चालू आहे का हे तपासावं लागतंच. त्यासाठी युरोपियन कमिशनची व्हीआयईएस ही सोप सेवा आहे, म्हणजे एक्सएमएल संदेशांतून बोलणारी वेब सेवा. पीएचपीतून तिला हाक मारायला दोन-चार ओळी पुरतात. वेळ जातो तो त्याआधीच्या तयारीत.

आधी सर्व्हरवर सोप एक्स्टेन्शन चालू आहे ना, ते बघा. उबुंटूवर त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. कमांड लाइनची आणि वेब सर्व्हरची पीएचपी.आयएनआय ही सेटिंगची फाइल वेगळी असू शकते, म्हणून टर्मिनलवर दिसलं एवढ्यावर न थांबता चालू सेटिंग दाखवणारं पीएचपीइन्फोचं पान ब्राउझरमध्येही उघडा. सेवेला काय आणि कसं विचारायचं ते सांगणारी डब्ल्यूएसडीएल फाइल मात्र सर्व्हरवरूनच उतरवून बघा. तुमच्या लॅपटॉपवर ती उघडते म्हणून सर्व्हरचा फायरवॉल ती उतरवू देईलच असं नाही. पीएचपी ही फाइल एरवी ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस, कॅशमध्ये ठेवतं. काम चालू असताना कॅश बंद ठेवा आणि लाइव्ह करताना आठवणीने चालू करा.

देशाचा कोड आणि नंबर वेगवेगळे पाठवायचे असतात. ग्राहकाने मध्ये टाकलेल्या जागा आणि टिंबं आधी काढून टाका. ग्रीसचा कोड जीआर नाही, ईएल आहे. ब्रिटनचे जीबी नंबर १ जानेवारी २०२१ पासून इथे तपासले जात नाहीत, उत्तर आयर्लंडचे एक्सआयने सुरू होणारे मात्र तपासले जातात. जर्मनीच्या नंबरासोबत नाव-पत्ता मिळत नाही, तेव्हा ते रकाने रिकामे राहिले तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

सगळ्यात जास्त विचार सोपफॉल्टचा, म्हणजे सोप हाक फसली की पीएचपी फेकतं त्या एरर ऑब्जेक्टचा, करा. ‘नंबर चुकीचा’ आणि ‘त्या देशाचा सर्व्हर आत्ता बंद’ ही दोन उत्तरं अगदी वेगळी आहेत. पहिलं साध्या उत्तरात येतं, व्हॅलिड फॉल्स म्हणून. दुसरं फॉल्ट म्हणून, एमएस_अनअव्हेलेबल या नावाने. दोन्ही एकाच कॅचमध्ये गुंडाळून ‘अवैध’ छापणारा कोड चांगल्या ग्राहकाला दारातून परत पाठवतो. फॉल्ट आला तर नंबर प्रलंबित ठेवून नंतर पुन्हा तपासा. सेवेशी बोलणारा पीएचपीचा सोपक्लायंट तयार होतानाच डब्ल्यूएसडीएल मिळाली नाही तरी फॉल्ट येतो, म्हणून ती ओळही ट्रायच्या आतच हवी. हे सगळं पडताळायला चाचणीची वेगळी सेवा आहे: तिथे १०० नंबर दिला की वैध, २०० दिला की अवैध, ३०१ दिला की देशाचा सर्व्हर बंद.

सोपक्लायंटचा कनेक्शन_टाइमआउट हा पर्याय फक्त जोडणीपुरता असतो. उत्तराची वाट किती बघायची ते पीएचपी.आयएनआयमधला डीफॉल्ट_सॉकेट_टाइमआउट ठरवतो, आणि तो मुळात ६० सेकंद असतो. चेकआउटच्या पानावर एवढा वेळ कोण थांबणार? तो कमी करा. सोपक्लायंटचा ट्रेस हा पर्याय चालू ठेवलात तर शेवटची विनंती आणि उत्तर जसंच्या तसं लॉगमध्ये लिहिता येतं.

करतपासणीत पुरावा लागणार असेल तर व्हीआयईएसचंच चेकव्हॅटअप्रॉक्स हे दुसरं फंक्शन वापरा. स्वतःचा व्हॅट नंबर सोबत दिलात की चौकशीचा क्रमांक मिळतो. त्यासाठी बिलाच्या टेबलात एक कॉलम आत्ताच ठेवा.