नेम आपला, कानस त्यांची : जुन्या रिव्हॉल्व्हरच्या छंदात येणाऱ्यांसाठी

माझे वडील परळच्या एका गिरणीत रोखपाल होते. पगाराच्या आदल्या दिवशी बँकेतून रोकड आणायचं काम त्यांच्याकडे असायचं. त्यासाठी त्यांनी परवाना काढला आणि दुकानातून एक वापरलेलं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) वेब्ली या इंग्रजी बनावटीचं रिव्हॉल्व्हर घेतलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यांची गिरणी परत धड उभी राहिलीच नाही, आणि रिव्हॉल्व्हर गोदरेजच्या कपाटात गेलं ते गेलंच. परवान्याच्या नूतनीकरणाला तेवढं बाहेर निघायचं. २०१८ मध्ये वडील गेले तेव्हा ते माझ्यासमोर आलं.

मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. पंचवीस वर्षं कानस, मायक्रोमीटर आणि फीलर गेज यांच्यात गेलेली. असं यंत्र हातात आल्यावर पहिली इच्छा कोणती होते हे कारागीर माणसाला सांगायला नको. स्क्रू काढावेत, आतली स्प्रिंग बघावी. मी ते केलं नाही, आणि तुम्हीही करू नका.

नव्याने येणारी मुलं मला नेमकं हेच विचारतात. परदेशातले हौशी लोक घरच्या टेबलावर जुनी रिव्हॉल्व्हरं खोलतात, ट्रिगर हलका करतात, सुटे भाग बदलतात. मग आपण का नाही? कारण आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये बनवणं आणि विकणं यांच्याच ओळीत 'दुरुस्त करणं' आणि 'रूपांतर करणं' हेही आहे. बाळगण्याचा परवाना वेगळा, दुरुस्तीचा वेगळा. दुसरा परवाना दुकानदार-कारागिराकडे असतो, तुमच्याकडे नसतो. २०१९ च्या सुधारणेनंतर याला किमान ७ वर्षांची कैद आहे आणि कमाल जन्मठेप. ओळखीचा लेथवाला, टूलरूममधला मित्र, गावाकडचा 'हात चांगला असलेला' मिस्त्री, यांच्यापैकी कोणाकडेही ते न्यायचं नाही. नेम धरणं, स्वच्छता आणि निगा आपली. कानस त्यांची. ही वाटणी मान्य नसेल तर या छंदात येऊच नये, असं मी प्रत्येकाला तोंडावर सांगतो.

वारसाहक्काचं आधी सांगतो, कारण बहुतेकांच्या घरात जुनं हत्यार असंच येतं. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवून 'बघू नंतर' म्हणायचं नाही. पोलिस ठाण्याला कळवायचं, हत्यार तिथे किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचं, पावती जपायची आणि मग वारस म्हणून अर्ज करायचा. मुंबईत परवाना पोलिस आयुक्तालयाकडून मिळतो. आम्हाला एक गोष्ट फार उशिरा कळली. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. वडिलांनी तेव्हा केलं असतं तर सगळ्या भावंडांच्या संमतीपत्रांसाठी मला ठाणे, चिपळूण आणि बडोदा अशा खेपा घालाव्या लागल्या नसत्या. तुमच्या घरी वडील किंवा आजोबा असतील तर आज संध्याकाळीच विषय काढा.

बोअर नीट वाचा. .३८ आणि .४५५ हे आपल्याकडे निषिद्ध बोअर आहेत. सैन्यातल्या किंवा जुन्या पोलिस खात्यातल्या आजोबांचं वेब्ली बऱ्याचदा त्यांतलंच निघतं, आणि मग मामला पार केंद्रीय गृहमंत्रालयापर्यंत जातो. .३२ असेल तर रस्ता त्या मानाने सोपा. पण '.३२' एवढ्यावरही विसंबू नका. .३२ स्मिथ अँड वेसन, तेच लाँग, आणि पिस्तुलाचं .३२ एसीपी ही वेगवेगळी काडतुसं आहेत. 'बसतंय की' म्हणून भरलं आणि उडवलं, हे कधीही करायचं नाही. आपल्या हत्याराला कोणतं काडतूस लागतं ते कारागिराकडून सिलिंडरची घरं (काडतूस बसतं त्या जागा) मोजून घेऊन, लिहून घ्या. फार जुनी रिव्हॉल्व्हरं काळ्या दारूच्या काळात तपासून शिक्का मारलेली असतात. त्यांत आजचं बिनधुराचं काडतूस घालणं धोक्याचं. हे सगळं नळीवरच्या आणि सिलिंडरवरच्या बारीक शिक्क्यांवरून कळतं. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस, म्हणजे हत्यारांची नळी-सिलिंडर तपासणारी संस्था, १८१३ पासून हे शिक्के मारत आलं आहे. भिंग घेऊन ते वाचायला शिका. मला त्यात इतका आनंद मिळतो की कधीकधी रविवारची सकाळ त्यातच जाते.

माझ्या अर्जाला वर्षाच्या वर लागलं. त्या काळात मी जे केलं तेच आता नव्या माणसाला करायला सांगतो. एअर पिस्तूल उचलायचं. १० मीटर, ४.५ मिलिमीटरचा छर्रा, एक हात. खेळाच्या त्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. दादरला शिवाजी पार्कसमोर सावरकर स्मारकातही नेमबाजी शिकवतात. अंजली भागवत कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून याच शहरात तयार झाल्या आणि २००२ मध्ये म्युनिकला चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स ठरल्या. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. नेमबाजी शिकायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

टार्गेटवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. फिटरच्या हाताला तो मोठा वाटतो. उभं राहून एका हाताने पिस्तूल धरलं की कळतं, श्वासाबरोबर सगळं हलतंय. प्रशिक्षकांनी पहिल्या महिन्यात एकच वाक्य घोकून घेतलं : फोरसाईट (नळीच्या पुढच्या टोकावरची माशी) धारदार दिसली पाहिजे, टार्गेट धूसर असलं तरी चालेल. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट बघतो, आणि नवा माणूस हटकून टार्गेटकडे बघतो. दुसरं बोटाचं. ट्रिगर ओढायचा नाही, सरळ मागे दाबत जायचं, आणि गोळी कधी सुटेल ते स्वतःलाही कळू द्यायचं नाही.

परवाना आला आणि मी वेब्ली घेऊन पहिल्यांदा २५ मीटरच्या रेंजवर उभा राहिलो, तेव्हा वर्षभराचा सराव पुसल्यासारखा झाला. सगळ्या गोळ्या खाली डावीकडे. मला वाटलं, हत्यारातच खोट आहे. प्रशिक्षक काही बोलले नाहीत. त्यांनी रिव्हॉल्व्हर मागून घेतलं, माझ्याकडे पाठ करून तीन घरांत काडतुसं घातली, तीन घरांत वापरलेल्या काडतुसांची रिकामी टोपणं, सिलिंडर फिरवून बंद केलं आणि नळी टार्गेटकडे ठेवूनच माझ्या हातात दिलं. पहिला चाप : आवाज, धक्का. दुसरा चाप : नुसतं 'टक', आणि नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. धक्का आलाच नव्हता. मी तो येणार म्हणून आधीच मनगट झुकवलं होतं. रिव्हॉल्व्हर चालवायचं असेल तर पहिल्या दिवसापासून प्रशिक्षकांकडून हा सराव करून घ्या. दहा पुस्तकांनी जे होणार नाही ते त्या एका 'टक'ने होतं.

जुन्या रिव्हॉल्व्हरवर स्पर्धेची स्वप्नं बघू नका. पिस्तुलाच्या सेंटर फायर स्पर्धेत ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम असावं लागतं आणि खेळाडू त्याच्या शक्य तितक्या जवळ राहतात. जुन्या वेब्लीचा डबल ॲक्शन चाप, म्हणजे एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा, काही किलोंचा. त्याची गंमत निराळी आहे. कडी अंगठ्याने दाबली की नळी पुढे खाली झुकते, सिलिंडरच्या मधली चांदणी (टोपणं बाहेर ढकलणारी चकती) वर उचलली जाते आणि सहाही टोपणं एकदम बाहेर येतात. इतकं साधं आणि इतकं नेमकं यंत्रकाम मी वर्कशॉपमध्येही कमी पाहिलं आहे.

आता कारागिराबद्दल. फोर्टातल्या एका जुन्या दुकानात एक चाचा बसतात, मूळचे श्रीवर्धनचे. मी त्यांच्यासमोर वेब्ली ठेवलं तेव्हा त्यांनी स्क्रू ड्रायव्हरला हातही लावला नाही. रिकामं आहे ना ते दोनदा पाहिलं. मग दिवा बंद केला, खिडकीच्या उजेडात सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट बघितली. मग डोळे मिटून घोडा (काडतुसावर आदळणारा मागचा भाग) सावकाश मागे घेत गेले, एकेक घर. सहा वेळा. पुन्हा सहा वेळा. मग मला म्हणाले, "मास्तर, पाचवं घर आळशी आहे. ऐकलंत?"

मी ऐकलं नव्हतं. त्यांनी परत केलं. बाकीच्या घरांना घोडा पूर्ण मागे जायच्या जरा आधी सिलिंडर अडकल्याचा 'चट्' येत होता. पाचव्याला घोडा आधी बसत होता आणि सिलिंडर केसभर अलीकडे थांबत होता. म्हणजे ते घर नळीच्या रेषेत पूर्ण येत नाही, गोळी नळीच्या मागच्या, सिलिंडरकडच्या तोंडाशी घासून शिसं तासलं जातं आणि ते बाजूला उडतं. सिलिंडर फिरवणारा पंजा आणि मागच्या चांदणीचे दात झिजले की असं होतं. जुनं रिव्हॉल्व्हर घेताना किंवा वारशात आल्यावर चकाकी बघत बसू नका. हे सहा आवाज परवानाधारक कारागिराला ऐकायला सांगा आणि तुम्हीही शेजारी बसून ऐका.

मी म्हणालो, "चाचा, पंजाचा दात मी भरून, घासून देऊ का? मापात करीन." ते हसले नाहीत, रागावले नाहीत. "तुमचा हात चांगला असेल. पण इथे चूक झाली तर ती दुसऱ्या माणसाच्या तोंडासमोर फुटते. तुम्ही बसा, बघा." मी बसलो. त्या कामासाठी पाच शनिवार गेलो. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असं पातं ते आधी घासून तयार करायचे, तेव्हाच स्क्रूला हात. एकाही डोक्यावर ओरखडा नाही. घासायचं थोडं, बसवून बघायचं फार. मी पगार घेऊन जे शिकलो त्याहून बारीक काम मी तिथे स्टुलावर बसून शिकलो.

सजावटीबाबत माझं मत कडक आहे. जुन्या हत्यारावर नवं निकेल चढवू नका. ओळखीतल्या एकाने हौसेने चढवलं. पॉलिशच्या चाकाखाली प्रूफचे शिक्के, क्रमांकाच्या कडा, सगळं गुळगुळीत झालं. क्रमांक नीट वाचता येत नाही म्हणून पुढच्या तपासणीत त्याला जो मनस्ताप झाला तो वेगळाच. बदलायचंच असेल तर मूठ बदला. माझ्या वेब्लीच्या काळ्या व्हल्कनाइटच्या पट्ट्या वयाने ठिसूळ होऊन एक तडकली होती. आमची चाळ पाडली तेव्हा जिन्याच्या सागवानी कठड्याचा एक तुकडा मी आणला होता. चाचांनी जुन्या पट्टीचा आकार कागदावर काढून दिला, मी घरी लाकूड कोरलं, घासलं, जवसाचं तेल पाजलं, आणि बसवलं त्यांनी दुकानात. मूळच्या पट्ट्या कापसात गुंडाळून ठेवल्या आहेत.

मुंबईत निगा म्हणजे पावसाळा. माझ्या हातून एक चूक झाली ती सांगतो. पहिल्या वर्षी मी रिव्हॉल्व्हर वडिलांच्याच चामड्याच्या म्यानात ठेवलं. त्यांची वस्तू त्यांच्या वस्तूत असावी म्हणून. जूनमध्ये ठेवलं, ऑगस्टमध्ये काढलं. चामडं हवेतली ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेले क्षार पोलादाला लागतात. नळीच्या डाव्या बाजूला मोहरीएवढे गंजाचे पाच खड्डे पडले. चाचांनी गंज काढला, खड्डे राहिले. आता ते तेलाचा हलका हात देऊन साध्या सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कुलपात असतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघतो. हाताळल्यावर पुसल्याशिवाय ठेवत नाही, घामही पुरेसा असतो. काडतुसं दुसऱ्या खणात, दुसऱ्या किल्लीने. ती ताजी, खडकीच्या कारखान्याची घेतो. वडिलांच्या वेळची उरलेली काडतुसं दुकानात नोंद करून जमा केली.

रेंजवर जाताना रिकामं हत्यार कुलूपबंद पेटीत, परवाना सोबत, आणि घर ते रेंज सरळ; वाटेत चहालाही थांबत नाही. निवडणुकीच्या आधी जमा करायची नोटीस आली तर त्याच दिवशी जमा करतो. शेजाऱ्यांना, पाहुण्यांना दाखवत नाही. माझ्या मुलीलाही मी ते पहिल्यांदा दाखवलं ते रेंजवर, प्रशिक्षकांसमोर.

ती आता एअर पिस्तूल चालवते. मागच्या महिन्यात चाचांकडे तिला घेऊन गेलो होतो. त्यांनी रिकामं वेब्ली घेतलं, तिला डोळे मिटायला सांगितले आणि घोडा मागे घेत गेले. सहा झाल्यावर विचारलं, "कुठलं?" ती म्हणाली, "सगळे सारखेच वाटले." चाचा माझ्याकडे बघून नुसतं मान हलवून म्हणाले, "झालं मग. पाचवं उठलं."