शुगरची माहिती गूगलवर कशी शोधावी

घरात कुणाला मधुमेह निघाला की त्याच रात्री मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. बहुतेक जण टाइप करतात, ‘शुगर कायमची बरी करण्याचे उपाय’. घोळ इथेच होतो.

पहिलं काम, प्रश्न बदला. ‘कायमची बरी’ असं विचारलं की तेच शब्द असलेली पानं वर येतात, मग त्यातला दावा खरा असो वा नसो. त्याऐवजी ‘मधुमेह प्रकार २ उपचार’ असं साधं लिहा. कारल्याच्या रसाबद्दल विचारायचं असेल तर ‘कारले मधुमेह संशोधन’ आणि ‘कारले दुष्परिणाम’ असे दोन्ही शोध घ्या. सोबत आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) किंवा जागतिक आरोग्य संघटनेचं नाव जोडा. मराठीत तपासून लिहिलेला मजकूर अजून फार थोडा आहे, म्हणून इंग्रजीतही एकदा शोधा. जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा.

निकालात ‘प्रायोजित’ लिहिलेल्या जाहिराती सोडून द्या. वरती एआयने काढलेला सारांश दिसला तर त्याखालची मूळ लिंक उघडून वाचा.

पान उघडल्यावर आधी तळाशी जा. लेख कोणी लिहिला, कधी तपासला, संस्था कोणती? शेवटी ‘आजच मागवा’ असं बटण असेल तर ती जाहिरात समजा. मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. तरी असे दावे सर्रास दिसतात, आणि त्यांना भुलून लोक गोळ्या बंद करतात, याचा खरंच संताप येतो. काही जुन्या पानांवर आरोग्याची संकेतस्थळं तपासणाऱ्या जिनिव्हाच्या ‘हेल्थ ऑन द नेट’ या संस्थेचा शिक्का असतो. ती संस्था २०२२ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा त्यावर विसंबू नका.

आकडा दिसला की दुसरीकडे पडताळा. उदाहरणार्थ, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या मेडलाइनप्लसवर मिळेल. तिथे जाहिराती नसतात.

जे सापडलं ते कागदावर उतरवून डॉक्टरांना दाखवा. तोवर चालू औषध तसंच ठेवा. प्रकार १ मध्ये, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही त्या मधुमेहात, इन्सुलिन थांबवलं तर थोड्याच दिवसांत जिवावर बेतू शकतं. मधुमेह असलेल्या माणसाला उलट्या, धाप, गुंगी असं काही दिसलं तर मोबाइल बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.