हीट पंप बसवला, बिल वाढलं, मग सापडली गोम

इंग्लंडमधल्या लीड्समधलं आमचं घर १९३० च्या दशकातलं. सरकारचं ७,५०० पौंडांचं अनुदान मिळालं म्हणून घर गरम ठेवणारा गॅस बॉयलर काढून विजेवर चालणारा हीट पंप बसवला. पहिल्याच डिसेंबरात घर कोमट आणि विजेचं बिल कडक!

चूक आमचीच निघाली, निदान अर्धी. बॉयलरच्या सवयीने सकाळी दोन तास, संध्याकाळी चार तास असा पंप चालवत होतो. शिवाय बसवणाऱ्याने रेडिएटरला (गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या पॅनेलला) जाणारं पाणी कायम ५५ अंशांवर लावून ठेवलेलं. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. पाणी जितकं गरम मागाल तितकी वीज जास्त.

मग कंट्रोलरच्या मेनूत शिरून ‘वेदर कॉम्पेन्सेशन’ चालू केलं, म्हणजे बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप कमी-जास्त होतं. बाहेर उणे २ असेल तर पाणी ४५, बाहेर १५ असेल तर ३०. दर दोन दिवसांनी एकेक अंश उतरवत गेलो, घर गार वाटलं की एक पायरी मागे. कमी गरम पाण्याने घर हळूहळू तापतं, म्हणून रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडले आणि पंप दिवसरात्र चालू ठेवला. ‘दिवसरात्र’ म्हटल्यावर बायकोचा चेहरा बघण्यासारखा होता! पण एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णता अडीच युनिटांवरून साडेतीनपर्यंत गेली. हॉलमधला जुना रेडिएटर मात्र मोठा घ्यावाच लागला.

कडक थंडीत बाहेरच्या युनिटमधून मधूनच पांढरे लोट निघतात. तो बिघाड नाही, अंगावरचा बर्फ वितळवतोय तो. शेजाऱ्यांनी पहिल्यांदा धूर समजून आमचं दार वाजवलं होतं.