पेट-सीटी लिहून दिलाय? जाण्याआधी आणि रिपोर्ट आल्यावर

चिठ्ठीवर पेट-सीटी (कॅन्सर कुठे, किती आहे ते बघायचा स्कॅन) आला की घरात आधी खर्चाचं बोलणं सुरू होतं. त्याच्याही आधी डॉक्टरांना एक विचारा: "रिपोर्ट असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय?" आधी ऑपरेशन की आधी केमो, चालू केमो पुढे न्यायची की बदलायची, असं ठोस उत्तर मिळालं तर तपासणी नक्की करा. दोन्हीकडून उपचार तोच राहणार असेल, तर थोडं थांबून पुन्हा बोला.

साध्या सीटीत गाठीचा आकार कळतो. पेटमध्ये ती गाठ किती साखर ओढते ते कळतं, कारण शिरेतून दिलं जाणारं एफडीजी म्हणजे ग्लुकोजसारखंच किरणोत्सारी औषध. म्हणून सगळी तयारी साखरेभोवती फिरते, आणि बिघडते तीही तिथेच.

आदल्या दिवशी ऊसतोड, पोती उचलणं, लांब चालणं बंद. दमलेले स्नायू औषध ओढून घेतात. रात्री भात, रताळी, कुंदा टाळा. अंडी, पनीर, पालेभाजी चालते. तपासणीआधी ६ तास फक्त साधं पाणी. चहाचा घोटही नको. तंबाखू, सुपारीही नको. चघळल्याने जबड्याचे स्नायू उजळतात आणि मानेतल्या गाठी वाचणं अवघड होतं. हिवाळ्यात खानापूरकडून पहाटे दुचाकीवर येऊ नका. अंगात थंडी भरली की मान-खांद्यातली तपकिरी चरबी पेटते, चित्रात ती गाठीसारखी भासू शकते. स्वेटर, मफलर घालून बंद गाडीतून या.

मधुमेह असेल तर वेळ ठरवतानाच सांगा. साखर साधारण २००च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी तपासणी पुढे ढकलतात. ती उतरवायला ऐनवेळी इन्शुलिन टोचून घेऊ नका, औषध सगळं स्नायूंत जातं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीमुळे आतडी उजळतात. ही गोळी किती दिवस थांबवायची हे डॉक्टरांनाच विचारा.

वेळ पाळा. एफडीजी ११० मिनिटांत निम्मं होतं, एसटी चुकली म्हणून ते थांबत नाही. इंजेक्शननंतर सुमारे तासभर बोलणं, मोबाईल बाजूला ठेवून पडून राहायचं, मग लघवी करून यंत्रावर.

केमोनंतरचा स्कॅन शक्यतो पुढच्या डोसच्या अगदी आधी करतात. रेडिएशननंतर साधारण १२ आठवडे थांबतात, कारण भाजलेली जागाही साखर ओढते. पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा, त्याने हाडांतली मज्जा उजळते.

रिपोर्ट आला की उजळलेली प्रत्येक जागा कॅन्सर समजू नका. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे: टीबीच्या गाठीही तितक्याच उजळतात, ताजी जखमही. एकाच नव्या ठिपक्यावरून ऑपरेशन रद्द होत असेल तर आधी त्या जागेची बायोप्सी शक्य आहे का ते विचारा. उलटही घडतं. मेंदू मुळातच साखर खातो, त्यामुळे तिथली लहान गाठ झाकली जाते. तिच्यासाठी एमआरआय लागतो. लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) रिपोर्टात डोव्हिल गुण (१ ते ५) शोधा: १ ते ३ म्हणजे सहसा औषध लागू पडतंय, ४ किंवा ५ असेल तर उपचार बदलण्याची चर्चा.

थायरॉईडचा स्कॅन वेगळा आणि स्वस्त, पण निर्णय तितकाच मोठा. हार्मोन वाढलेलं आणि ग्रंथी सगळी उजळलेली असेल तर बहुधा ग्रेव्हज (ग्रंथी जास्त काम करण्याचा आजार), त्याला गोळ्या किंवा रेडिओआयोडिन (किरणोत्सारी आयोडीन). ग्रंथी उजळलीच नाही तर बहुधा सूज, तिथे त्या गोळ्यांचा उपयोग नाही. मात्र काही आठवड्यांत डाय देऊन सीटी झाला असेल तर ग्रंथी खोटीच विझलेली दिसते. तारीख सांगा.

गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर इंजेक्शनआधीच बोला. त्या दिवशी पाणी भरपूर प्या आणि संध्याकाळपर्यंत तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊ नका. कागदी रिपोर्टसोबत सीडी मागून घ्या. बेळगावहून पुढे कोल्हापूरला किंवा हुबळीला दाखवायचं ठरलं तर डॉक्टर आधी सीडीच मागतात. पुढचा स्कॅन जमेल तर त्याच यंत्रावर करा, म्हणजे एसयूव्हीचे (गाठीने किती औषध ओढलं त्याचे) आकडे खरोखर ताडून बघता येतात.